सोल्डरचा टिपका

नागपुरात सीताबर्डीच्या एका बोळात बापूकाकांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टेपडेक, मग सीडी प्लेअर, आणि आता कुणी जे आणेल ते. दुकानात दोन स्टुलं. एकावर काका, दुसऱ्यावर बहुतेक वेळा पॉलिटेक्निकचं कुठलं तरी पोर. पोरांकडून काका पैसे घेत नसत, उलटतपासणी मात्र घेत.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्या दुसऱ्या स्टुलावर रेवती येऊन बसली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची, आणि भांडायच्या तयारीत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिला कॉलेजात एक प्रयोग मांडायचा होता. मोबाइलमधलं गाणं लेझरच्या किरणावर चढवून हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाला पाठवायचं, तिकडे सोलर सेलवर किरण झेलायचा आणि स्पीकरवर गाणं वाजवायचं. मध्ये कुणी हात घातला की गाणं बंद, हात काढला की सुरू. पोरांना असलं फार आवडतं, आणि परीक्षकांनाही. शिवाय दिवसही जुळून आला होता. रामन यांनी आपला परिणाम शोधला तो २८ फेब्रुवारी १९२८ला. तेव्हा लेझर कुठेच नव्हता. पहिला लेझर १९६० सालचा, आणि डायोडचा लेझर १९६२ सालचा. आज मात्र रामन परिणाम मोजणाऱ्या कितीतरी यंत्रांत डायोडचाच लेझर बसलेला असतो.

"काका, दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला," रेवती म्हणाली. "तीन डायोड घेतले, तिन्ही गेले."

काकांनी हात पुढे केला. "मेलेले आणले?"

तिने बॅगेतून प्लास्टिकची एक पुडी काढली. काकांची नजर डायोडच्या आधी पुडीवरच गेली, पण ते बोलले काही नाहीत. पुडीत ५.६ मिलिमीटर व्यासाच्या तीन टोप्या, प्रत्येकीला खाली तीन पाय. ६५० नॅनोमीटरचा लाल, ५ मिलिवॅटचा साधा डायोड. काकांनी त्यातला एक आपल्या सर्किटला लावला. तो लागला.

"हा तर चालू आहे!"

"भिंतीवर पाहा."

भिंतीवर लालसर उजेड पडला होता, मवाळ आणि गुळगुळीत. लेझरचा ठिपका असा नसतो. तो कणीदार दिसतो. डोळा जरा हलवला की त्यातले कण चमचमतात. इथे कणही नव्हते आणि धारही नव्हती.

"लेझर मेला," काका म्हणाले. "एलईडी उरला."

लेझर डायोड मेल्यावरही उजेड देतो, आणि म्हणूनच नवख्या माणसाची फसगत होते. टोपीच्या आत जो स्फटिक असतो तो मोहरीपेक्षाही लहान. त्याची दोन टोकं नेमकी तडकवून सपाट केलेली असतात आणि तेच त्याचे आरसे. उजेड या आरशांच्या मधे येरझारा घालतो, वाढतो आणि एका टोकाच्या काही मायक्रॉनच्या पट्टीतून बाहेर पडतो. पाच मिलिवॅट ऐकायला किरकोळ, पण एवढ्याशा पट्टीतून जाताना त्याची घनता प्रचंड होते. प्रवाह क्षणभर जरी बेफाम वाढला, तरी आरशाचा तेवढा भाग वितळतो. स्फटिकातून वीज पुढेही वाहते, उजेडही पडतो. आरसाच गेला म्हटल्यावर लेझर मात्र होत नाही. साधा एलईडी इतका मनाला लावून घेत नाही. त्याला आरसे नसतात, त्यामुळे थोडा मार तो सहज पचवतो. एलईडीवर हात बसलेली पोरं लेझर डायोडही त्याच हाताने हाताळतात आणि मग दुकानदाराला शिव्या घालतात.

काकांनी चष्मा वर ढकलला. "आता पहिल्यापासून सांगजो. काय केलं, कोणत्या क्रमानं केलं."

रेवतीला क्रमाचं काय ते कळेना, पण तिने सांगितलं. पहिला डायोड तिने घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून उघडला. खुर्ची प्लास्टिकची, ओढणी पॉलिएस्टरची. मधे फोन आला म्हणून उठली, बोलून परत बसली, डायोड चिमटीत धरून पायांना वायर जोडली. लावला तर आधीच मंद.

"झटका बसला होता काय तुले?"

"नाही बा. काहीच नाही."

"बसत नाहीच न!"

फेब्रुवारीतलं नागपूर म्हणजे थंडी सरलेली, हवा कोरडीठाक आणि कूलर अजून माळ्यावर. अशा दिवसांत प्लास्टिकच्या खुर्चीवरून नुसतं उठलं तरी अंगावर हजारो व्होल्टचा भार चढतो. माणसाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. त्याखाली आपल्याला काहीच कळत नाही, आणि लेझर डायोड मात्र काहीशे व्होल्टच्या झटक्यानेही जायबंदी होऊ शकतो. तोही उलट दिशेने आला तर आणखी वाईट, कारण उलट्या बाजूने हा डायोड जेमतेम दोन व्होल्ट सोसतो. पहिला डायोड यानेच मेला, असं काका छातीठोकपणे म्हणाले नाहीत. अशा मरणाचा पुरावा मागे राहत नाही, आणि कधीकधी तर डायोड लगेच मरतही नाही. जखम घेऊन चार-आठ दिवस चालतो आणि मग जातो.

दुसऱ्याच्या बाबतीत मात्र काकांना शंका नव्हती.

"हा कॉलेजच्या बेंच सप्लायवर लावला," रेवती म्हणाली. आता तिच्या आवाजात जरा ताठा आला होता, कारण ही गोष्ट तिने पुस्तकाप्रमाणे केली होती. "डेटाशीट पाहिली. थ्रेशोल्ड २० मिलिअँपिअर, चालवायचा ३०ला, कमाल ४०. सप्लायचं करंट लिमिट ३०ला लावलं. टोकं शॉर्ट करून मीटरवर तपासलंसुद्धा. मग टोकं सोडवली आणि डायोडला लावली."

"व्होल्टेज कितीवर होतं?"

"नऊ. पण लिमिट होतं न काका!"

"लिमिट कुठं राहते?"

"सप्लायच्या आत."

"अन् त्याच्या पुढं, टर्मिनलच्या तोंडाशी काय राहते?"

रेवती थांबली. मग हळूच म्हणाली, "कॅपॅसिटर."

"तू टोकं मोकळी ठेवली तेव्हा तो नऊ व्होल्टला भरून बसला. डायोड लावला, अन् त्यानं जे होतं ते एका दमात ओतलं. लिमिट त्याच्या मागं उभं. ते काय करणार?"

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण इथे निष्काळजीपणा नव्हता. मुलीने डेटाशीट वाचली होती, मर्यादा लावली होती, मोजून पाहिली होती. एकच झालं, पहारेकरी मागच्या दाराला उभा राहिला आणि चोर पुढच्या दारात आधीपासून बसलेला होता. मीटरवरही काही दिसलं नाही, कारण हातातला डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच बघतो आणि हा सगळा प्रकार मायक्रोसेकंदांत उरकतो. बेंच सप्लायवर काम करायचंच असेल, तर व्होल्टेजचं बटण शून्यावर आणायचं, डायोड जोडायचा आणि मग हळूहळू वर न्यायचं. चालू सप्लायला डायोड कधीही लावायचा नाही आणि चालू असताना काढायचाही नाही. सैल क्लिप हलली, तरी ते काढून लावणंच झालं.

तिसऱ्या डायोडची कथा छोटी आहे. तो चांगला दोन दिवस चालला. मग वर्गमैत्रिणींना दाखवताना तिने चालू सर्किटमध्ये मोबाइलचा जॅक खोचला. स्पीकरमध्ये मोठ्ठा टक् असा आवाज आला, सगळ्या हसल्या, आणि त्यानंतर गाणं आलंच नाही. "तो टक् आधी डायोडमधून गेला, मंग स्पीकरमधी आला," काका म्हणाले. एवढंच.

रेवती गप्प झाली. दुकानदाराशी भांडायचं तिने मनातून काढून टाकलं असावं. काकांनी खणातून एक काळा मळकट डबा काढला आणि त्यातून सीडी प्लेअरचं एक कोरं पिकअप, म्हणजे डिस्क वाचणारा लेझरचा भाग, तिच्या हातावर ठेवलं, आधी तिला टेबलाच्या अर्थ केलेल्या पट्टीला हात लावायला सांगून. पिकअपच्या फ्लेक्सवर, म्हणजे लवचीक वायरपट्टीवर, लेझरच्या जोडणीपाशी, सोल्डरचा एक टिपका होता. दोन शेजारच्या पट्ट्या त्याने एकमेकींना चिकटल्या होत्या.

"कारखान्याची चूक?" रेवतीने विचारलं.

काका हसले आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली.

ते उमेदवारी करत तेव्हा उस्तादांकडे आणखी दोघं शिकाऊ होते. सीडी प्लेअर तेव्हा श्रीमंताघरी असायचे आणि पिकअप बाहेरून मागवावं लागायचं. कोऱ्या पिकअपवर हा टिपका असायचाच. लेझरच्या दोन्ही टोकांत तारच आहे म्हटल्यावर त्यांच्यात व्होल्टेज उभं राहायला जागाच नसते. प्रवासात, हाताळताना, अंगावरच्या भारातून काहीही आलं तरी ते टिपक्यातून निघून जातं आणि स्फटिकाला पत्ताही लागत नाही. पिकअप प्लेअरमध्ये बसवायचं, फ्लेक्स कनेक्टरमध्ये घालायचा, आणि मग शेवटी टिपका काढायचा, असा रिवाज.

त्या दोघांतला एक घाईचा होता. आत बसवल्यावर टिपक्यापर्यंत सोल्डरिंग इस्त्री पोचवणं अवघड जातं, म्हणून तो टेबलावरच टिपका उडवून टाकायचा आणि मग आरामात पिकअप बसवायचा. त्याची कामं झपाट्याने होत आणि त्यातली बरीच परतही येत. दुसरा फार जपून वागणारा होता. अर्थ तपासणार, हात तपासणार, सगळं नीट बसवणार, आणि टिपका काढायचा राहून जाणार. प्लेअर डिस्क वाचत नाही म्हटल्यावर तो पिकअपच खराब ठरवून नवीन मागवायचा. उस्तादांनी एके दिवशी भंगारच्या डब्यातून त्याची 'खराब' पिकअपं काढली, टिपके उडवले, आणि सगळी चालली.

"दोघांनीही मालकाचं नुकसानच केलं," काका म्हणाले. "एकानं कवच लवकर काढलं, दुसऱ्यानं काढलंच नाही."

बोधकथेला तात्पर्य लागतं. ते शेवटापर्यंत राखून ठेवण्यात मला काही हशील दिसत नाही, म्हणून इथेच सांगतो. नाजूक गोष्टीचं कवच सगळ्यांत आधी घालावं, सगळ्यांत शेवटी काढावं, आणि काढायचं मात्र विसरू नये. आपल्याला झटका बसला नाही, म्हणजे झटका नव्हताच असं धरून चालू नये.

रेवतीने चौथा डायोड घेतला. या वेळी तो काळ्या स्पंजात खोचलेला मागून घेतला. हा स्पंज वीजवाहक असतो. त्यात डायोडचे तिन्ही पाय आपोआप एकमेकांशी जोडलेले राहतात. काकांनी तिला मल्टिस्ट्रँड वायरमधला एक नुसता तांब्याचा केस काढायला लावला आणि तो पायांच्या अगदी मुळाशी, टोपीला लागून, दोन वेढे देऊन गुंडाळायला लावला. मग स्पंज बाजूला. मनगटाला पट्टा. पट्ट्याच्या तारेत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो डायोडसाठी नव्हे तर माणसासाठी. चुकून हात २३० व्होल्टला लागला तर पट्ट्यामुळे शॉक तीव्र होऊ नये म्हणून.

इस्त्रीचं प्रकरण वेगळंच निघालं. रेवतीची सोल्डरिंग इस्त्री दोन पिनांची, स्वस्तातली. काकांनी टेस्टर तिच्या टोकाला लावला, तर दिवा मिणमिणला. म्हणजे टोकावर गळती होती. तीन पिनांची घ्यावी हे खरंच, पण तिसऱ्या पिनेला भिंतीत खरोखर अर्थ आहे की नुसतं भोक आहे, हेही पाहावं लागतं. जुन्या घरांत दुसरंच जास्त सापडतं. काकांचा उपाय बिनपैशाचा होता. इस्त्री तापवायची, प्लग काढायचा, टाका मारायचा, पुन्हा लावायची.

सर्किट साधं होतं. नऊ व्होल्टची बॅटरी, एलएम ३१७, आणि त्याच्या आउटपुट व अ‍ॅडजस्ट या पिनांमधे ४७ ओहम. ही आयसी त्या दोन पिनांत १.२५ व्होल्ट राखते, म्हणून ४७ ओहममधून २६.६ मिलिअँपिअर जातात, आणि तेवढेच पुढे डायोडमधून. रेवतीला तिथे प्रीसेट बसवायचा होता, म्हणजे उजेड कमीजास्त करता येईल. काकांनी नाही म्हटलं. प्रीसेट फिरवताना त्याचा काटा क्षणभर उचलला जातो किंवा चुकून टोकाला जातो, आणि डायोडला तो क्षण पुरतो. लावायचाच तर त्याच्यासोबत ठरावीक किमतीचा एक रेझिस्टर ओळीत हवा. प्रवाह पक्का करायचा, व्होल्टेज नव्हे, हेही याच वेळी बोलून झालं. लाल डायोड २.२ व्होल्टच्या आसपास चालतो, पण नुसते २.२ व्होल्ट दिले तर तापला की त्याला लागणारं व्होल्टेज उतरतं, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो, आणि मग तो थांबत नाही.

मग आली खरी परीक्षा, आणि ती डायोडशिवायच. त्याच्या जागी तीन साधे १एन४००७ ओळीत लावले. प्रत्येकी साधारण ०.७ व्होल्ट, म्हणजे एकूण लाल लेझरच्या जवळपास. सोबत एक ओहमचा रेझिस्टर, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. चालू केलं, बंद केलं, बॅटरीची क्लिप खडखडवून पाहिली, गाणं सोडलं. मोबाइलचा आवाज कॅपॅसिटर आणि २२० ओहममधून येत होता, त्यामुळे एक व्होल्टच्या शिखरालाही डायोडमधल्या प्रवाहात चार-पाच मिलिअँपिअरहून जास्त चढउतार होणार नव्हता. २६.६ अधिक ५. कमाल ४०च्या पुष्कळ खाली. त्या बिचाऱ्या १एन४००७ना एक अँपिअर चालतो, त्यांना काय होणार! चुका करायच्या त्या त्यांच्यावर कराव्यात.

डायोड बसला तो सगळ्यांत शेवटी, मुळाशी तांब्याचा केस तसाच ठेवून. त्याच्या दोन पायांना समांतर, उलट दिशेने एक १एन४१४८, म्हणजे उलटा झटका त्यातून निघून जाईल. सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक. आणि रेवतीने स्वतःच्या डोक्याने आणखी एक गोष्ट लावली, ती पाहून काकांनी भुवया उंचावल्या. डायोडच्या दोन पायांमधे तिने एक छोटा स्विच बसवला. स्विच बंद, म्हणजे डायोड शॉर्ट. सर्किट प्रवाह पक्का ठेवणारं असल्यामुळे शॉर्टने त्याचं काही बिघडत नाही, तेच २६.६ मिलिअँपिअर स्विचमधून फिरत राहतात. आधी जॅक खोचायचा, मग बॅटरी लावायची, सगळे टक्-टुक् स्विचमधून जाऊ द्यायचे, आणि मग स्विच उघडायचा. बंद करताना याच्या उलट. हा झाला पुन्हा पुन्हा लावता-काढता येणारा टिपका. प्रयोगशाळेतल्या महागड्या लेझर ड्रायव्हरमध्येही आउटपुट बंद असताना डायोड रिलेने शॉर्ट करून ठेवतात, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. स्विच जागेवर बसल्यावरच तिने तांब्याचा केस कापला.

विज्ञान दिनाला गाणं दिवसभर वाजलं. शेकडो हात किरणात आले-गेले, दोनदा कुणीतरी जॅक उपटला, दुपारी कुणी वायरीत पाय अडकवून बॅटरीही पाडली.

शेजारच्या टेबलावर एका वर्गमित्राचा लेझरचा चोरघंटीचा प्रयोग होता. त्याचा डायोड सकाळीच गेला. रेवतीने आपला जादा डायोड त्याला दिला, पायांना तार गुंडाळून आणि 'तार सगळ्यांत शेवटी काढ' असं तीनतीनदा बजावून. त्याने तार आधी काढली. का, तर पाय बोर्डाच्या छिद्रात जाईनात. तो डायोडही मंद पेटला. संध्याकाळी हे ऐकून काकांनी त्या मुलाला नाही, रेवतीलाच विचारलं, "तार कुठं गुंडाळली होती?" तिने घाईत टोकाशी गुंडाळली होती. कामात आडवं येणारं कवच माणूस पहिल्यांदा काढून फेकतो, असा काकांचा अनुभव होता, आणि दोष त्यांनी अर्धा-अर्धा वाटून दिला.

आता हे वाचून ज्यांचा हात शिवशिवेल त्यांना एक सांगायचं राहिलं. रेवतीचा डायोड पाच मिलिवॅटचा होता, आणि तिने किरण कंबरेच्या उंचीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला लाल डायोड याच आकाराच्या टोपीत येतो आणि २०० मिलिवॅटपर्यंत सहज जातो. डोळा मिटायच्या आत त्याच्या पडद्यावर कायमचा डाग पडतो, आणि चकचकीत भांड्यावरून परतलेला किरणही त्याला पुरतो. सीडीचा किंवा ८०८ नॅनोमीटरचा डायोड तर अवरक्त. तो चालू आहे हे डोळ्याला धड कळतही नाही. तेव्हा बॅटरी जोडायच्या आधी लेझरपासून बचावाचा चष्मा घाला आणि बॅटरी काढल्यावरच उतरवा. चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा. लाल किरणासाठीचा चष्मा निळ्या किरणाला बहुधा काही कामाचा नसतो. ज्याच्यावर तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटीचा आकडा छापलेला नाही, तो चष्मा विकत घेऊ नका.